एक गाऱ्हाणं, मग झाकण

आम्ही जुने शिक्षक कुणाच्या लग्नाकार्याला एकत्र आलो की पहिली पाच मिनिटं गुडघ्यांची चौकशी होते. मग कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, तो कुकर अजून आसा मां?" झालं! पानं वाढून थंड होतात तरी आमचं संपत नाही.

किश्शांचं असंच असतं. माझ्याकडे मुळात चारपाच होते, स्टाफरूमने त्यांचे पंधरा केले. गावडे सर हल्ली एक सांगतात, त्यात कुकर खाडीत पडतो आणि शिट्टी वाजवत वर येतो. असं काही झालेलं नाही. म्हणून म्हटलं, जे माझ्या डोळ्यांसमोर झालं ते एकदा धड सांगून टाकावं. पुढचं तुम्ही वाढवालच.

*

गोष्ट साठ सालानंतरची. आम्ही तेव्हा अजून रत्नागिरी जिल्ह्यातले. आमचं घर कर्लीच्या खाडीच्या अलीकडे, हायस्कूल पलीकडे, मध्ये होडी. घरात मी आणि माझे सासरे, तात्या. यजमान रेडी बंदरावर नोकरीला, पंधरवड्याने एकदा घरी. पावसाळ्यात बंदर बंद, म्हणजे त्यांचं कामही बंद. ते चार महिने घर माझ्या पगारावर चालायचं. आणि माझी नोकरी होती कच्ची.

तात्यांना दात नव्हते, पण पेज उकड्या तांदळाचीच लागायची. उकडा तांदूळ चुलीवर किती वेळ घेतो ते ज्याने शिजवलाय त्यालाच ठाऊक. पेज, वर काहीतरी मऊ कालवण, एवढं करून मी धावत धक्क्यावर जायची तोवर होडी खाडीच्या मध्यावर पोचलेली असायची. मग पुढची होडी, आणि हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे लाल खूण.

आमच्या हेडसरांची एक गंमत होती. शाळेत ते छापील मराठी बोलायचे. माणूस जवळचा वाटला, किंवा अगदीच राहवलं नाही, तरच मालवणी. मला त्यांनी बोलावलं आणि छापील मराठीत सांगितलं, "बाई, दिवाळीनंतर इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येतील. तोवर आपल्या नावापुढे अशाच लाल खुणा होत राहिल्या, तर आपल्याला कायम करण्याची शिफारस मी कोणत्या तोंडाने करू?"

मी म्हटलं, "सर, सासऱ्यांची पेज..."

"पेज शिजण्यास विलंब झाला, असं कारण मला शिफारशीत लिहिता येत नाही."

*

त्या चतुर्थीला आमच्या वन्सं मुंबईहून आल्या त्या कुकर घेऊनच. पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यात गुंडाळून. म्हणाल्या, "वहिनी, पंधरा मिनिटांत भात होतो. तू वेळेवर शाळेत जा."

तात्यांनी कुकरला एक प्रदक्षिणा घातली. लहानपणी त्यांनी आगबोटीचा बॉयलर फुटल्याची गोष्ट ऐकलेली. ते म्हणाले, "वाफ कोंडून ठेवतंत ती वस्तू माझ्या घरात पेटूची नाय. आदी दुसरीकडे फुटता काय बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठे? मी तो शाळेत नेला. गावडे सर सायन्स आणि पी.टी. दोन्ही शिकवायचे. कुकर बघून ते सकाळपासून उतावीळ झाले होते. मैदानावर नववीच्या वर्गाला चकरा मारायला लावून ते प्रयोगशाळेत आले, आत पाणी घातलं, झाकण लावलं, वजन ठेवलं, स्टोव्ह पेटवला, आणि आम्ही दोघं दाराबाहेर जाऊन उभे राहिलो.

शिट्टी झाली. मैदानावरचा अख्खा वर्ग जागच्या जागी थांबला, सावधान.

गावडे सर खिडकीतून बघत राहिले. म्हणाले, "चार वर्षां मी शिट्टी फुकतंय. एक पोर कधी थांबूक नाय."

*

कुकर फुटला नाही असं सर्टिफिकेट मिळालं. गावडे सरांनी त्याचा एकेक भाग सुटा करून वर्गाला दाखवला आणि मी तो पिशवीत भरून घरी आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या हौसेने पेज लावली. तात्या लांब, माजघराच्या दारात उभे.

शिट्टी काही होईना. झाकणाच्या सगळ्या कडेने वाफ, पाणी ओघळून स्टोव्ह विझायला आला, पेज अर्धी कच्ची. पुन्हा चूल पेटवली. त्या दिवशी होडी चुकली ती चुकलीच, नंतरचीही चुकली.

तात्या शांतपणे म्हणाले, "गाऱ्हाणां घालूक नाय मगे काय होतला? नवी होडी पाण्यात लोटताना घालतव, विहीर खणताना घालतव. ह्या वस्तूक नको?"

तुम्ही देशावरचे, म्हणून सांगते. आमच्याकडे कुठल्याही नव्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ पुढे ठेवून एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे, म्हणजे तात्यांकडे होता. आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. पण वयाबरोबर त्यांचं गाऱ्हाणं लांबत गेलं. गावच्या सीमेवरचा एकही देव सुटता कामा नये म्हणून ते एकेकाला नावाने बोलवायचे, एकाला दोनदा बोलवलं तर रागावू नये म्हणून दुसऱ्यालाही दोनदा. हात जोडून उभे असणाऱ्यांचे दंड भरून यायचे. शेवटी गावाने तो मान त्यांच्या पुतण्याकडे दिला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून तात्या देवळात मागच्या खांबाला टेकून बसायचे आणि "व्हय म्हाराजा"सुद्धा हळू म्हणायचे. मला ते बघून फार वाईट वाटायचं.

तर त्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी होती. व्हरांड्यात आठवीच्या मुली रिंग खेळत होत्या. रिंग जरा बारीक वाटली म्हणून मी जवळ गेले. कुकरच्या झाकणातलं रबर होतं ते! प्रयोगशाळेच्या टेबलावर राहिलेलं. त्याच्याशिवाय झाकण घट्ट बसणार कसं आणि वाफ कोंडणार कशी?

मी रबर घरी आणलं, धुतलं, गुपचूप झाकणात बसवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी नारळ ठेवला आणि कुकरला पहिलं गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटी. थोड्या वेळाने शिट्टी झाली, खणखणीत.

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. कितीतरी वर्षांनी त्यांची मान ताठ झाली होती. रबराची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही. तुम्हीही सांगू नका, म्हटलं असतं, पण आता ते नाहीत.

*

कुकरबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती गावडे सरांनी आमच्या ओटीवर बसून मराठीत सांगितली आणि तात्यांनी ती पोथीसारखी ऐकली. त्यात दोन गोष्टींवर फार जोर होता. एक, झाकणातलं वाफेचं भोक रोज साफ आहे ना ते बघायचं. दोन, कुकर उतरवल्यावर आतली वाफ आपोआप बसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. दहा मिनिटं तरी थांबायचं.

पहिल्याची तोड तात्यांनी काढली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून खाडी दिसायची. झाकण उजेडात धरून भोकाला डोळा लावायचा. पलीकडच्या धक्क्यावरची होडी दिसली, म्हणजे भोक साफ आहे, आणि होडी यायला अजून अवकाशही आहे. एका नजरेत दोन कामं. मी आजही झाकण तसंच धरते, खिडकीबाहेर नुसती समोरची बिल्डिंग असली तरी.

दुसऱ्याची अडचण होती. दहा मिनिटं मोजायची कशी? घरातलं घड्याळ खाऱ्या हवेने केव्हाच बंद पडलेलं, मनगटावरचं यजमानांबरोबर रेडीला. तात्या म्हणाले, "पेटवताना देवाक मागलां. उतरल्यावर आबार मानूक नको?" आणि उतरवलेल्या कुकरपुढे त्यांनी दुसरं गाऱ्हाणं सुरू केलं.

गावडे सरांनी आपल्या घड्याळावर वेळ मोजली. सगळे देव, सगळी स्थळं, गावचे मानकरी, परगावी गेलेले चाकरमानी, गुरंढोरं धरून दहा मिनिटं आणि वर थोडं. सरांनी वजन हळूच उचलून बघितलं. जराही फुस्स झालं नाही. झाकण अलगद निघालं.

"बाई," सर म्हणाले, "ह्येच्यापेक्षा बरां घड्याळ तुमका खंय गावाचा नाय."

तेव्हापासून आमच्या घरचा नियम झाला. एक गाऱ्हाणं, मग झाकण. लाल खुणा थांबल्या. देवळाने ज्या लांबीसाठी तात्यांना बाजूला केलं होतं, त्या लांबीवर माझी नोकरी तगायला लागली.

*

एकदाच तात्यांनी लबाडी केली. रविवार होता, यजमान आलेले, कुकरात मटण. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास घरभर. कुकर उतरवला, तात्या उभे राहिले आणि जे सुसाट निघाले! मी "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत पुढचे तीन देव झालेले. चार मिनिटांत गाऱ्हाणं संपवून ते म्हणाले, "उघड."

मी म्हटलं, "तात्यांनू, आज लवकर झाला."

"देवाक ठावक आसा सगळा. परत परत कित्याक सांगाचा?" असं म्हणून त्यांनी स्वतःच फडक्याने वजन जरासं उचललं. फस्सकन वाफ आली. तात्या दोन पावलं मागे.

मग ते हळूच म्हणाले, "वेताळ ऱ्हवलो. तेकाच मी गाळलंय."

आणि उभं राहून त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सगळं म्हटलं. यजमान ताटावर बसून होते. मटण मात्र असं शिजलं होतं की दात नसलेल्या माणसाने दोनदा मागून घेतलं.

*

आता हेडसरांचं ऐका. स्टाफरूममध्ये कुकरचं एवढं कौतुक झालं की एका शनिवारी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, उद्या आमच्याकडे पाहुणे येत आहेत. आपलं ते उपकरण एक दिवसापुरतं मिळेल काय?"

मी दिला. देताना म्हटलं, "सर, अर्ध्याच्या वर भरू नका हं. कडधान्य फुगतं, सालं वर येतात."

ते म्हणाले, "मी गणिताचा पदवीधर आहे."

बेत होता काळ्या वाटाण्यांच्या उसळीचा. पाहुणे बारा. सरांनी बारा जणांचे वाटाणे काठोकाठ भरले आणि झाकण दाबून बसवलं. एक साल भोकात अडकलं. शिट्टी होईना, म्हणून सरांनी स्टोव्ह आणखी मोठा केला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला बाहेर आले, तेवढं मात्र देवाने चांगलं केलं. कारण झाकणावरचं सेफ्टीचं बटण उडालं आणि त्या वाटेने निम्मी उसळ कौलांना जाऊन लागली. कुणाला काही झालं नाही. पाहुणे गुळाबरोबर पोहे खाऊन गेले.

सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले. आम्ही सगळे वह्यांत डोकी घालून बसलेलो. सरांनी कुकर माझ्या टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाई, काल आमच्याकडून आपली सूचना पाळण्यात कसूर झाली." मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात, "अजून कौलांतसून वाटाणे पडतत गो."

नवं बटण वन्संनी मुंबईहून पाठवेपर्यंत आठ दिवस गेले. ते आठ दिवस मी पुन्हा चुलीवर, पुन्हा उशिरा. त्या आठवड्याचं हजेरीपुस्तक काढून बघा. माझ्या नावापुढे एकही लाल खूण नाही.

*

आणि मग तपासणीचा दिवस आला.

हेडसरांनीच ठरवलं होतं. बाईंनी आठवीच्या मुलींना गृहशास्त्राचा नमुना पाठ द्यायचा, विषय 'प्रेशर कुकरचा सुरक्षित वापर', प्रात्यक्षिकासह. साहेब मागे बसून बघणार आणि त्यावर माझं कायम होणं ठरणार. कुकर कोण नेणार? तात्या म्हणाले, "मी. त्येका माझी सवय आसा." कुकर मांडीवर घेऊन ते होडीत बसले. हातातल्या पिशवीत नारळ होता, तो मी बघितला, पण पाठाच्या धास्तीत काही बोलले नाही. वर्गात ते दाराजवळच्या बाकावर बसून राहिले, गावडे सर स्टोव्हपाशी मदतीला.

साहेब पुण्याकडचे. गंभीर, टोपी, हातात घड्याळ. त्यांना लगेच पुढच्या शाळेत जायचं होतं, बाहेर जीप चालूच ठेवलेली.

पाठ छान चालला होता. मुलींनी रबर तपासलं. भोकाला डोळा लावून बघितलं. पाणी मोजून घातलं, भांडं अर्धं रिकामं ठेवलं. शिट्ट्या झाल्या, आच बारीक केली, वेळ झाल्यावर मी कुकर उतरवून टेबलावर ठेवला.

साहेब उठून पुढे आले. "उत्तम. आता उघडा आणि दाखवा."

मी म्हटलं, "साहेब, अजून दहा मिनिटं थांबावं लागेल."

"ते ठीक आहे, पण मला निघायचंय. पाठाचा शेवट पाहिल्याशिवाय मी शेरा कसा लिहू?" त्यांनी घड्याळ बघितलं आणि स्वतःच वजनाकडे हात नेला. "काढतो की मी."

मी हेडसरांकडे बघितलं. सरांच्या कपाळावर घाम. कौलांतले वाटाणे त्यांना दिसत असणार, पण समोर इन्स्पेक्टर. ते छापील मराठीत म्हणाले, "बाई... साहेब म्हणतात तर..."

उघडावं तर साहेबांच्या तोंडावर वाफ. नाही म्हणावं तर पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांपुढे. मी कुकरवर हात आडवा धरून नुसती उभी राहिले.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा..."

तात्या उभे होते. दोन ढांगांत पुढे येऊन त्यांनी नारळ टेबलावर कुकरच्या पुढ्यात ठेवला. आठवीच्या चाळीस मुलींनी, कुणी न सांगता, हात जोडले. आमच्या मुलखात गाऱ्हाणं सुरू झाल्यावर मध्ये कुणी बोलत नाही, मग तो कलेक्टर असो. हेडसरांनी तर सगळ्यांच्या आधी हात जोडले. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, वजनाकडे नेलेला हात मागे घेतला, टोपी सारखी केली आणि तेही हात जोडून उभे राहिले.

तात्यांनी एकाही देवाला गाळलं नाही. वेताळाला तर दोनदा बोलवलं. पहिल्या "व्हय म्हाराजा"ला साहेब गप्प. तिसऱ्याला ओठ हलले. सहाव्यापासून ते सगळ्यांबरोबर म्हणायला लागले, फक्त शुद्ध मराठीत, "होय महाराजा."

"ह्या भांड्यातली वाफ शांतपणी बसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवांचे हात भाजल्याशिवाय तेंका रांदूक येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"हे सायब लांबसून इले, तेंका सुखरूप घराक पावय रे म्हाराजा."

"होय महाराजा," साहेब डोळे मिटून म्हणाले.

"आणि माझ्या सुनेक," तात्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही, "ह्याच सायबाच्या हातान, आजच्या आज, नोकरीत कायम कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस मुली, गावडे सर आणि सगळ्यांत मोठ्याने, मालवणीत, हेडसर.

आणि त्यांच्यामागोमाग, डोळे मिटलेलेच, "होय महाराजा."

साहेबांनी डोळे उघडले. तात्यांनी वजन हळूच उचललं. जराही फुस्स झालं नाही. ते माझ्याकडे वळले.

"उघड गो आता," म्हणाले.